मुदत मिळाली, पुढे काय?

(प्रस्तावना)

हैदराबादेत कोठीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात, त्यांत सगळ्यांत आधी भाव पडतो तो स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचा. इंजिनिअरिंगचं जुनं पुस्तक दहा वर्षांनीही गिऱ्हाईक मिळवतं. ‘भारतीय अर्थव्यवस्था’ असं ठळक छापलेलं, तक्त्यांनी भरलेलं पुस्तक मात्र नवी आवृत्ती आली की रद्दीत जातं. त्यातला विकासदराचा अंदाज खोटा असतो असं नाही, तो शिळा झालेला असतो. म्हणून देशाच्या अर्थव्यवस्थेची पुढची वाट आणि धोरणातले पेच यांवरच्या लेखांचा हा संग्रह प्रस्तावनेसाठी हाती आला, तेव्हा पहिली धास्ती हीच वाटली की छापून होईपर्यंत यातलं काय उरेल? वाचून झाल्यावर धास्ती बरीच कमी झाली. लेखकाने अंदाज मोजके दिले आहेत आणि पेच भरपूर. अंदाज नासतात, पेच टिकतात. काही तर दोनशे वर्षं टिकले आहेत आणि त्यांची जागा या फुटपाथपासून हाकेच्या अंतरावर आहे.

महिला विद्यापीठाच्या (पूर्वीच्या महिला महाविद्यालयाच्या) आवारात ब्रिटिश रेसिडेन्सीची इमारत उभी आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा इथला रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने ती निजामाच्या पैशाने १८०३ च्या सुमारास बांधायला घेतली. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना सिंह, वर उंच खांब. पाहायला येणारे बहुतेक जण कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांच्या प्रेमकथेसाठी येतात. येऊ देत. पण याच कर्कपॅट्रिकच्या कारकिर्दीत १८०२ मध्ये कंपनी आणि निजाम यांच्यात व्यापाराचा एक तह झाला, त्याची आठवण कुणी काढत नाही. त्या तहाने परस्परांच्या मालावरची जकात शेकडा पाचावर बांधली गेली. पुढे मराठवाड्यात ‘करोडगिरी’ म्हणून जे नाके बसले, ज्यांच्या कथा सोलापूर-बार्शीहून निजामी हद्दीत गेलेल्या प्रत्येक जुन्या घरात ऐकायला मिळतात, त्यांचा दर ठरवायला हैदराबादचं सरकार कधीच पूर्ण मोकळं नव्हतं. संरक्षणाचा खर्च तैनाती फौजेच्या करारात अडकला होता, आयातकर या तहात. एखाद्या अर्थमंत्र्याच्या हातात किती दोऱ्या असतात आणि त्यांतल्या किती आधीच दुसऱ्याने धरून ठेवलेल्या असतात, हा प्रश्न या पुस्तकात पानोपानी येतो. त्याचं पहिलं धडधडीत उदाहरण कोठीतलं आहे.

दुसरं उदाहरण पामर कंपनीचं. त्यावर जरा थांबायला हवं, कारण असा उघडानागडा हिशेब इतिहासात क्वचित सापडतो.

विल्यम पामरचे वडील जनरल पामर हे पुण्याच्या दरबारी रेसिडेंट होते, आई इथल्याच मुसलमान घराण्यातली. मुलगा निजामाच्या फौजेत होता. मग १८१० नंतर त्याने रेसिडेन्सीच्या परिसरातच पेढी काढली आणि बंकटीदास नावाचा गुजराती सावकार भागीदार घेतला. निजामाचा कारभार पाहणारा पेशकार होता राजा चंदूलाल. त्याला पैसा लागे तो मुख्यतः रसेल ब्रिगेडसारख्या पलटणींच्या पगारासाठी. या पलटणी निजामाच्या नावाच्या, पण त्यांचे अधिकारी इंग्रज, आणि त्यांचा पगार थकवून चालत नसे. पामर कंपनी रोख पैसा उभा करी आणि शेकडा २४-२५ च्या घरात व्याज लावी. पण याला परवाना लागे. १७९७ च्या कायद्याने इंग्रज प्रजाजनांना एतद्देशीय राजांना कर्ज देण्याची बंदी होती. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने १८१६ मध्ये या पेढीला तेवढ्यापुरती सूट दिली. पेढीतला एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड हा हेस्टिंग्जच्या पालकत्वाखाली वाढलेल्या मुलीचा नवरा होता, हे सांगितलं की बाकी सांगायची गरज राहत नाही.

१८२० मध्ये साठ लाखांचं मोठं कर्ज मंजूर झालं. बहाणा सुधारणांचा होता: जुनी देणी फेडू, शेतकऱ्यांना तगाई देऊ. त्याच वर्षी चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला आणि त्याने वह्या मागवल्या. साठ लाखांतला मोठा भाग म्हणजे जुन्याच कर्जाची नव्या नावाने केलेली नोंद निघाली. निजामाच्या तिजोरीत नवा पैसा फारसा आलाच नव्हता, खात्याचं नाव तेवढं बदललं होतं. प्रकरण कलकत्त्याहून लंडनपर्यंत गाजलं. १८२३ मध्ये पामरचं देणं भागवण्यासाठी कंपनी सरकारने निजामाला सुमारे १ कोटी १७ लाख रुपये दिले आणि बदल्यात उत्तर सरकार प्रांताबद्दल निजामाला दरसाल मिळणारी सात लाखांची पेशकश कायमची रद्द झाली. म्हणजे व्याज भागवण्यासाठी हक्काचं उत्पन्न विकलं. पामर कंपनी १८२४ मध्ये बुडाली. विल्यम पामर मात्र हैदराबादेतच १८६७ पर्यंत जगला.

जुनं कर्ज फेडण्यासाठी नवं कर्ज काढणं हे आजच्या कोणत्याही सरकारला नवीन नाही. पुस्तकातल्या कर्जाच्या प्रकरणात एक तक्ता आहे, तो पामरची गोष्ट डोक्यात ठेवून वाचावा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्राने व्याजापोटी सुमारे १२ लाख ७६ हजार कोटी रुपये धरले, आणि महसुली जमा धरली सुमारे ३४ लाख २० हजार कोटी. म्हणजे शंभर रुपये जमा झाले की सदतीस व्याजात जातात. हे पामरचं व्याज नव्हे. आपलं बहुतेक कर्ज रुपयांत आहे, देशातल्याच बँका, विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी यांच्याकडून घेतलेलं आहे, म्हणून उद्या कुणी लंडनहून वह्या मागवणार नाही. पण सदतीस रुपये गेल्यावर उरलेल्या त्रेसष्टांत संरक्षण, पेन्शन, खतांचं अनुदान आणि राज्यांना द्यायचं सगळं बसवायचं असतं. संकट आलं की हात आखडायचा कुठे, हे या सदतीस रुपयांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं.

चंदूलाल १८४३ पर्यंत टिकला. शेवटच्या काळात वऱ्हाडातले महसुलाचे जिल्हे त्याने पेस्तनजी मेहेरजी आणि विकाजी मेहेरजी या पारशी बंधूंकडे कर्जापोटी लावून दिले. हे तारापूरचं घराणं. औरंगाबादच्या टांकसाळीतून त्यांनी पाडलेल्या रुपयाला लोक ‘पेस्तनशाही’ म्हणत. वऱ्हाडचा कापूस मुंबईला नेण्यात त्यांचा मोठा हात होता. चंदूलाल गेल्यावर सरकारने त्यांच्याकडून जिल्हे काढून घेतले, कर्ज मात्र फेडलं नाही, आणि पेढी बसली. सावकाराला बुडवून राज्य वाचतं असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढची दहा वर्षं पाहावीत. बाजारात पत उरली नाही तेव्हा निजामाला उसना पैसा देणारा एकच धनको राहिला. तो कोठीत बसत होता.

१८५३ च्या मे महिन्यात रेसिडेंट कर्नल लो याने तह करवून घेतला. हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, अशा छावण्यांतल्या कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात गेले. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, म्हणून १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले आणि पन्नास लाखांचं देणं माफ झालं. वऱ्हाड मिळालं नाही. वर्षभरातच अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला न भूतो असा भाव आला. गहाण टाकलेल्या शेतात विहिरीला पाणी लागावं, तसं झालं. जगातल्या अनिश्चिततेचा फायदाही होतो, आणि तो ज्याच्याकडे त्या वेळी ताबा असतो त्याला होतो. पुढे १९०२ मध्ये कर्झनने वऱ्हाड सालाना पंचवीस लाखांवर कायमच्या भाडेपट्ट्याने घेऊन टाकलं. आजही अकोला-अमरावतीकडे हैदराबादच्या राज्याची फारशी ओळख उरलेली नाही, याची मुळं त्या एका थकबाकीत आहेत.

इतकं वाचून कुणी म्हणेल, हे सगळं रडगाणं झालं. नाही. १८५३ मध्येच चोवीस वर्षांचा सालारजंग निजामाचा दिवाण झाला आणि त्याने काय केलं ते मला या सगळ्या कहाणीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्याने मोठ्या घोषणा केल्या नाहीत. महसूल मक्त्याने देणं बंद करून पगारी तालुकदार नेमले. ठिकठिकाणच्या खासगी टांकसाळींवर आळा घालून हाळी सिक्का, म्हणजे निजामाचा रुपया, एका धोरणाखाली आणला. १८६५ मध्ये जिल्ह्यांची घडी बसवली. सावकारांची देणी हळूहळू वाजवी व्याजावर आणली. म्हणजे १८६० ला कर्जमाफीने जी उसंत मिळाली ती त्याने हिशेब नीट करण्यात घालवली. चंदूलाललाही १८२३ मध्ये अशीच उसंत मिळाली होती. त्याने तिचा उपयोग पुन्हा कर्ज काढायला केला. धोरणाची परीक्षा वादळात होते असं म्हणण्याची पद्धत आहे. माझ्या मते ती वादळ ओसरल्यावरच्या दोन-चार वर्षांत होते, आणि तेव्हा कुणाचं लक्ष नसतं.

रुपयाच्या घसरणीवर या पुस्तकात एक लांब प्रकरण आहे, त्यात लेखकाशी माझा थोडा वाद आहे, म्हणून नाण्यांची गोष्ट सांगतो. हैदराबादचा रुपया चांदीचा. १८७० नंतर जर्मनी सोन्याकडे वळली, इतर देश मागोमाग गेले आणि चांदी जगभर कोसळली. निजामाच्या राज्यात काहीही बिघडलेलं नसताना त्याचा पैसा पडू लागला. १८९३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानने आपल्या टांकसाळी चांदीला बंद केल्या, तसा तिकडचा कळदार रुपया सावरत गेला आणि हाळीचा बट्टा वर-खाली होऊ लागला. कळदारात शेतसारा भरणाऱ्या पलीकडच्या हद्दीतल्या आणि हाळीत मजुरी घेणाऱ्या अलीकडच्या माणसाला याचा अर्थ रोज कळत होता. १९०४ च्या सुमारास चारमिनारचं चित्र असलेले यंत्रावर पाडलेले रुपये चालू झाले, दर बांधून ठेवण्याची व्यवस्था झाली आणि शेवटी ११६ रुपये १० आणे ८ पै हाळी म्हणजे १०० कळदार, हे गणित मराठवाड्यातल्या पोरांच्या अंकगणितात जाऊन बसलं. सातास सहा, एवढंच. हाळी रुपया कळदारापेक्षा हलका होता, पण त्याचा दर ठरलेला होता, आणि व्यापाऱ्याला हलक्या नाण्याचं दुःख नसतं. त्याला उद्याचा भाव माहीत नसणं बाधतं.

पहिल्या महायुद्धात चांदीच मिळेना, म्हणून १९१८ मध्ये निजामाने कागदी चलनाचा कायदा केला. नोटा लंडनला छापल्या जात. त्यांच्यावर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजीतही रक्कम लिहिलेली असे. १९२२ च्या मे महिन्यात ‘इजिप्त’ नावाची बोट लंडनहून मुंबईला सोनं, चांदी आणि निजामाच्या कोऱ्या नोटांचे गठ्ठे घेऊन निघाली आणि फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या बोटीची धडक बसून बुडाली. दहाएक वर्षांनी इटालियन पाणबुडे सोनं काढायला खाली उतरले तेव्हा आधी हाती लागले ते हे ओले कागद. सही नसलेले, कुठेही न चालणारे. आज संग्राहक त्यांना चांगली किंमत मोजतात. पुरवठा साखळी तुटणे हा शब्दप्रयोग अलीकडचा आहे, अनुभव नाही.

वादाचा मुद्दा असा. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर नव्वद रुपयांच्या वर गेला, त्याला लेखक जवळजवळ पराभव मानतात. मला तसं वाटत नाही. कोठीच्या गुजराती गल्लीत कॅमेरे, स्पीकर आणि सुटे भाग विकणाऱ्याला रुपया घसरला की घाऊक माल महाग पडतो हे खरं. आपण कच्चं तेल ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो, तेही महागतं. पण रुपया एका पातळीवर धरून ठेवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने गंगाजळी ओतत राहणं म्हणजे प्रतिष्ठेपायी मुदत जाळणं. सावकाश घसरण सोसवते, अचानक कोसळणं सोसवत नाही. बँकेचं काम कोसळणं टाळण्याचं आहे.

ही समज मराठी वाचकाला परकी असू नये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला होते, जिथे युद्धानंतरच्या जगाची चलनव्यवस्था ठरली. १९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले. त्याच वर्षी हैदराबादसह संस्थानांची आर्थिक घडी केंद्राशी जोडली गेली. करोडगिरी आणि हाळी सिक्का त्या दशकात संपले. देशमुखांचं उत्तरायुष्य पत्नी दुर्गाबाईंबरोबर हैदराबादेत गेलं आणि १९८२ मध्ये इथेच ते वारले. देशमुख अर्थमंत्री होण्याआधी, १९४८ च्या सप्टेंबरात, हैदराबादचं राज्य कोसळण्याच्या सुमारास निजामाच्या अर्थमंत्र्याने लंडनच्या बँकेतले दहा लाखांहून थोडे अधिक पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळवले होते. त्या खटल्याचा निकाल २०१९ मध्ये लागला, तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. परदेशात ठेवलेला पैसा हा अडचणीच्या दिवशी आपलाच असेल असं नाही, हा धडा २०२२ मध्ये रशियाची गंगाजळी गोठवली गेली तेव्हा सगळ्या जगाने नव्याने घेतला. २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने इंग्लंडमधलं सुमारे शंभर टन सोनं मायदेशी आणलं, ते उगीच नाही.

१९९१ ची गोष्ट पुस्तकात सविस्तर आहे. तिच्यात एका हैदराबादी माणसाची भर घालायला हवी. पंधरवड्याच्या आयातीपुरतेही डॉलर नीट उरलेले नसताना पंतप्रधान झालेले नरसिंह राव अस्खलित मराठी बोलत, नागपूर-पुण्यात शिकले होते, आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यांनी तेलुगूत नेली होती. त्या जुलैत सुमारे ४७ टन सोनं परदेशी पाठवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे झाले. ही रक्कम कशीबशी काही आठवड्यांची मुदत होती. त्याच महिन्यात रुपयाचं अवमूल्यन, परवाना पद्धतीचा शेवट आणि मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प झाला. सोनं गहाण पडलं याची लाज आजही सांगितली जाते. चंदूलालनेही गहाण टाकलं होतं. फरक गहाणात नव्हता, पुढच्या चार आठवड्यांत होता.

आज गंगाजळी मोठी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तिने ७०० अब्ज डॉलरचा आकडा ओलांडला होता. म्हणजे मुदत भरपूर हाताशी आहे. आणि बाहेरचे वारे तितकेच उलटे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. तिरुपूरचे कपडे, सुरतचे हिरे, आंध्रची कोळंबी एका महिन्यात अडचणीत आली. हैदराबादची औषधं त्या वेळी वगळली गेली, पण त्या औषधांचा कच्चा माल मोठ्या प्रमाणात चीनहून येतो, म्हणजे घेणारा एकीकडे आणि पुरवणारा दुसरीकडे, आणि दोघांचं आपसांत वाकडं. सप्टेंबरमध्ये नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क आलं, तेव्हा या शहरातल्या कितीतरी मराठी घरांत, अमीरपेटच्या कोचिंगवाल्यांत, कुकटपल्लीच्या फ्लॅट विकणाऱ्यांत एकदम शांतता पसरली. १८०२ चा तह आता नाही. आपला आयातकर आपण ठरवतो. दुसऱ्याचा मात्र तो ठरवतो, आणि रात्रीत ठरवतो.

अशा वेळी सल्ला देणारे दोन तट पडतात. एक म्हणतो दारं लावून घ्या, दुसरा म्हणतो सगळी उघडा. पुस्तकाचे लेखक दोन्ही टाळतात, हे मला आवडलं. मात्र रोजगाराच्या प्रश्नावर ते घाईने पुढे सरकतात. विकासदर सहा-सात टक्के असूनही दर जुलैला कोठीच्या फुटपाथवर स्पर्धा परीक्षांची नवी पुस्तकं घ्यायला येणारी गर्दी का घटत नाही, याचं उत्तर विनिमय दरात नाही आणि गंगाजळीतही नाही. ते शाळेत, कारखान्यात आणि शेतीबाहेरच्या कामात आहे. लेखकाने पुढच्या आवृत्तीत त्यावर एक वेगळं प्रकरण लिहावं, अशी माझी उघड मागणी आहे.

वाचकाला एक सुचवतो. पहिली दोन प्रकरणं आकड्यांनी जड आहेत. कंटाळा आला तर बिनदिक्कत तिसऱ्यापासून सुरुवात करा. पतधोरणाचं प्रकरण वर्तमानपत्र शेजारी घेऊन वाचा. राज्य सरकारांच्या कर्जाचं प्रकरण मात्र वगळू नका. केंद्राच्या तुटीवर सगळे बोलतात, पण केंद्र आणि राज्यांचं कर्ज मिळून राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या आसपास आहे, आणि त्यातला राज्यांचा वाटा कुणी कशासाठी काढला हे फक्त तिथल्या मतदारालाच विचारता येतं. महाराष्ट्रातल्या वाचकाने महाराष्ट्राचा तक्ता काढावा, इथल्याने तेलंगणाचा, आणि पुढच्या निवडणुकीत दारात येणाऱ्याला त्यातली एक ओळ दाखवून विचारावं, हे पैसे कुठे गेले?